एकाच पिशवीतली पुस्तकं

आमच्या वाचनालयात शिरलं की उजव्या हाताला चौकशीचं टेबल आणि डाव्या हाताला परतीचं, निदान परवापरवापर्यंत तरी. मधे एक गोल खांब आहे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही इतका जाड. परतीच्या टेबलावर मी बसतो. पुस्तक उशिरा आणलं की दंड मी घेतो, म्हणून वाचकांनी मला दंडकाका असं नाव ठेवलंय. ठेवा बापडे. पानांचे कोपरे दुमडणारी, खुणेला केसातली पिन अडकवणारी, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटवणारी ही जमात. त्यांनी ठेवलेलं नाव मी कशाला मनाला लावून घेऊ?

खांबापलीकडे चौकशीबाई बसायच्या. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे कोणीही सांगेल, बाईंची ख्याती वेगळ्याच गोष्टीची. त्यांचं म्हणणं असं की माणूस आल्या आल्या जे मागतो ते त्याला हवंच नसतं. एकदा एक गृहस्थ नकाशांची पुस्तकं मागायला आले. बाईंनी गोड बोलत दोन-चार प्रश्न घातले तेव्हा बाहेर पडलं की लेकीचं सासर ती सांगते तेवढं खरंच लांब आहे का, की ती येणं टाळते, एवढंच त्यांना बघायचं होतं. बाईंनी नकाशा दिलाच नाही, टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "काय हवंय ते माणसाला पक्कं माहीत असतं," बाई म्हणायच्या, "सांगायची लाज वाटते, इतकंच. ती लाज सोडवायला बसलेय मी." गृहस्थांचा आवाज मोठा म्हणून हे मला ऐकू आलं. एरवी लोक बाईंशी हळूच बोलतात.

आणि ऐकलेलं बाई कोणाला सांगत नाहीत. मला नाही, साहेबांना नाही, वाचकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला तर मुळीच नाही. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर जो बसायचा त्याने एका बाईने घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेल्याचं तिच्या नवऱ्याला हसत हसत सांगून टाकलं होतं. त्या बाईचं पुढे काय झालं ते इथे नको. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. चौकशीच्या टेबलावर नाव विचारायचं नाही, घरी कोण कोण असतं तेही विचारायचं नाही. "माझ्या टेबलावर आलेला प्रश्न माझ्याच टेबलावर मरतो," असं बाई अभिमानाने म्हणायच्या. मला ते वाक्य फार आवडायचं. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

पुढची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, निम्मी बाईंकडून आणि तीही उशिरा. पण तुम्हाला ओळीने सांगतो, नाहीतर गोंधळ व्हायचा.

थंडी पडायला लागली त्या सुमाराला घड्याळजी चौकशीच्या टेबलाशी आला. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बोटं लांब, बोलणं कमी, आणि एका डोळ्याभोवती भिंगाचा कायमचा वळ.

"डोळ्यांवर काही पुस्तक आहे का?" त्याने विचारलं.

"डोळ्यांच्या आजारांवर, की चष्म्याबद्दल?"

"तसं डोळेच असं नाही. डोकं. डोकं दुखतं हो फार."

"कधी दुखतं?"

"सकाळी उठलो की धरलेलं असतं. दुकानात गेलो की दुपारपर्यंत उतरतं. घरी गेलो की परत."

"म्हणजे भिंग लावून काम करता तेव्हा नाही दुखत?"

"नाही ना! तेच तर कळत नाही. सुट्टीच्या दिवशी दिवसभर ठणकतं."

बाईंनी मनात ताडलं ते ताडलंच. कामात डोकं शांत, घरी गेलं की ठणका. एवढं ऐकल्यावर कोणीही हाच अर्थ काढील. घरात कटकट असणार, आणि बिचारा ती डोळ्यांच्या नावावर खपवतोय. त्यांनी त्याला मागितलेलं डोळ्यांचं पुस्तक दिलं आणि वर, सहज म्हणून, संसारात मन शांत कसं ठेवावं यावरचंही एक दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. नको म्हणाला नाही. खरा प्रश्न सापडला की बाईंच्या चेहऱ्यावर एक समाधान येतं, गुंता सुटलेल्या दोऱ्यासारखं. ते त्या दिवशी आलं होतं.

मग चार-आठ दिवसांनी एक आजी यायला लागल्या. पायात पुरुषी मोजे, हातात काठी, आणि जिभेला धार. येऊन बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसायच्या आणि उठायचं नावच घ्यायच्या नाहीत.

"जुन्या घरांवर काही आहे का गं?"

"जुनी घरं म्हणजे? बांधकाम? इतिहास?"

"इतिहास कसला डोंबलाचा! जुन्या घरात काय काय असतं त्यावर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय असतं, आजी?"

आजींनी आजूबाजूला पाहिलं. "कोणाला सांगू नकोस. मुलाला कळलं तर म्हणेल म्हातारीला वेड लागलं. आमचे हे जाऊन कितीतरी वर्षं झाली. हल्ली स्वयंपाकघरात उभे असतात. गॅसच्या हीटरपाशी. हात शेकत."

"बोलतात काही?"

"छे! जिवंतपणी तरी कुठे बोलायचे?"

बाई हसल्या, आजीही हसल्या. भुताखेतांवर बाईंचा विश्वास नाही. आजी घाबरल्यात, आणि घाबरायला काहीतरी खरं कारण असणार, असं धरून त्यांनी खोदायला सुरुवात केली. हे दिसायच्या आधी काय होतं? मानेवर गार झुळूक येते, आजी म्हणाल्या. झुळूक कुठून येते? खिडकीच्या अंगाने. खिडकी जुनी आहे? लाकूड आकसलंय, बोट जाईल एवढ्या फटी आहेत. झालं. बाईंनी मागितलेलं जुन्या घरांचं पुस्तक दिलं, वर घरदुरुस्तीचं एक जाड सचित्र पुस्तक काढलं आणि खिडक्यादारांच्या फटी बुजवायचं प्रकरण उघडून दाखवलं. कापडाची पट्टी कशी घालायची, वरून चिकटपट्टी कशी ओढायची, पायरीपायरीने चित्रं. "मुलाला एवढं करून घ्यायला सांगा," बाई म्हणाल्या. "झुळूक थांबली की भीती थांबेल."

"तुझ्यापाशी बसलं ना, की डोकं कसं लख्ख होतं बघ," आजी उठताना म्हणाल्या. "घरी नुसतं धुकं भरलेलं असतं."

आता असं कोणी म्हटलं तर कोणाला आवडणार नाही? बाईंना आवडलं. दुपारच्या चहाला त्या गुणगुणत होत्या, ते मी पाहिलं.

तिसरी आली ती पोरीला पोटाशी बांधून आली. वयाने तिशीच्या आतली, डोळ्यांखाली काळं.

"ताई, झाडांवर पुस्तक हवं होतं. विषारी झाडांवर." आणि न विचारता पुढे म्हणाली, "लहान मूल आहे ना, काहीही तोंडात घालते."

"बरोबर आहे. बाग आहे तुमच्याकडे?"

तिने पोरीचं टोपरं सारखं केलं. "नाही."

बाईंनी घाई केली नाही. पोरीच्या हातात आपल्या किल्ल्यांचा जुडगा दिला. पोरगी तो खळखळ वाजवायला लागली, आणि आई तिच्याकडे अशी बघत राहिली की जणू पहिल्यांदाच बघतेय.

"इथे आली की बघा कशी हातपाय मारते," ती म्हणाली. "घरी नुसती झोपून असते. रडत नाही, काही नाही. शेजारच्या म्हणतात, किती शहाणं बाळ! मलाही घरी काही सुधरत नाही, ताई. मळमळतं, पाय गळून जातात. माहेरी राहून आले, तर तिथे खडखडीत बरी. परतले त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, गोळ्या दिल्या." मग आवाज अगदी खाली गेला. "घरात चहा सासूबाई करतात. माझं असं म्हणणं नाही हो, की..."

"मग म्हणू नका," बाई पटकन म्हणाल्या. तिला पुस्तक दिलं, दुसऱ्या डॉक्टरकडे जायला बजावलं, आणि निघताना तिचा हात धरून एवढंच सांगितलं, "आजपासून तुमचं आणि बाळाचं सगळं तुम्ही स्वतः करा. चहासुद्धा."

तिने ते ऐकलं. त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात, हीटरच्या बाजूला, पोरीला पोटाशी बांधून उभी राहायला लागली.

बाईंची झोप उडाली. कुठल्यातरी घरात कोणी सासू सुनेला विष घालते आहे, ते आपल्याला माहीत आहे, आणि नाव माहीत नाही, घर माहीत नाही. विचारायची रीत नाही. पोलिसांना काय सांगणार, एक बाई झाडांचं पुस्तक घेऊन गेली? दुसऱ्या दिवशी आजी आल्या तेव्हा त्यांच्याशी बोलून बाईंना तेवढंच बरं वाटलं. निदान या म्हातारीचा प्रश्न साधा आहे, असं वाटलं असेल.

आता खांबाच्या अलीकडचं सांगतो. माझ्याकडे प्रश्न येत नाहीत, पुस्तकं येतात. घड्याळजी दुकानातून घरी जाताना निळ्या कापडी पिशवीतून घरातल्या सगळ्यांची पुस्तकं आणून टाकायचा. डोळ्यांचं, जुन्या घरांचं, झाडांचं, सगळी एका गठ्ठ्यात. कोणी काय वाचावं याच्याशी मला कर्तव्य नाही. माझं लक्ष पुस्तकाच्या कडांवर. आणि या पिशवीतल्या पुस्तकांच्या कडा काळ्या असायच्या. बोट फिरवलं की बोट काळं.

"काय हो, चुलीत ठेवता का पुस्तकं?" मी एकदा चांगलाच खेकसलो.

"माफ करा, काका. स्वयंपाकघरातल्या फळीवर असतात. हीटरची काजळी बसते जराशी." मग त्याचा चेहरा खुलला. "पण आता घर काय ऊबदार झालंय! सगळ्या फटी बुजवल्या. चित्रात दाखवलंय तश्शा. आणि हीटरची ज्योतही पूर्वी निळी असायची, आता पिवळीधमक झालीय. बघूनच ऊब वाटते."

"पुस्तकं दुसऱ्या फळीवर ठेवा," मी म्हणालो. फडकं घेतलं, तिन्ही पुस्तकं पुसली आणि कपाटात लावून टाकली. माझं काम झालं.

त्या आठवड्याच्या शेवटी आजी पुन्हा आल्या. काठी दोनदा फरशीवरून घसरली. खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या.

"झुळूक गेली का, आजी?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

"झुळूक गेली गं. एकदम गेली. पण हे नाही गेले." आजी वाकून बोलल्या. "पूर्वी उभे असायचे, आता बसतात. काल शेजारी खुर्ची ओढून घेतली. मला म्हणाले, बस."

"बोलले?"

"आता बोलतात."

बाईंना त्या क्षणी काहीतरी टोचलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. काय टोचलं ते हातात येईना. त्या पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात साहेबांनी दारावर पाटी लावली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की वर्षाची पुस्तकमोजणी आहे, वाचनालय सोमवारपासून आठवडाभर बंद.

वाचकांनी नेहमीची कुरकुर केली. आजी मात्र गोंधळून इकडेतिकडे बघायला लागल्या.

"आठवडाभर? मग आम्ही कुठे जायचं?"

"घरी बसा की, आजी," मी खांबाआडून डोकं काढून म्हणालो. "मस्त ऊबेत आराम करा."

सगळे हसले. मीही हसलो.

मोजणीच्या आठवड्यात वाचनालय ओळखू येत नाही. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या, कपाटं सताड उघडी, आणि आम्ही दोघं पुस्तकांच्या ढिगात. मी पुस्तक उचलायचं, नाव वाचायचं, बाईंनी खूण करायची. वर्षातून एवढेच दिवस आम्ही खांबाच्या एका बाजूला बसायचो. बाहेर पाणी गोठेल अशी थंडी पडली होती. बुधवारी दुपारी मी डोळ्यांचं पुस्तक उचललं आणि माझं टाळकंच सरकलं. बोटांना काजळी. पुसून ठेवलेलं, तरी पानांच्या आतून येतच होती.

"या घराण्याने आपल्या पुस्तकांची वाट लावली, बाई. हे बघा. आणि हे, झाडांचं. आणि हे जुन्या घरांचं. तिन्ही एकाच पिशवीतली."

बाईंचं पेन थांबलं. "एकाच पिशवीतली म्हणजे?"

"म्हणजे एकाच पिशवीतून येतात. घड्याळजीच्या. तो, त्याची आई, त्याची बायको. अजून घरदुरुस्तीचं यायचंय, तेही काळंठिक्कर होऊनच येणार."

"आई म्हणजे, पुरुषी मोजे घालते ती?"

"तीच. तुमच्यासमोर तर ठाण मांडून असते!"

बाईंनी तिन्ही पुस्तकं माझ्या हातातून घेतली आणि शेजारी शेजारी ठेवली. मी पुढचं पुस्तक उचललं, नाव वाचलं. त्यांनी खूण केली नाही. परत वाचलं. बाई पुस्तकांकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मग त्या बोलायला लागल्या, आणि रीत मोडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एकामागून एक तिन्ही प्रश्न माझ्यासमोर मांडले.

"म्हणजे म्हातारी सुनेला विष घालते?" मी म्हणालो. "पोटच्या मुलालाही?"

"मग तिला स्वतःला का दिसतात माणसं? ती स्वतःलाही घालते?" बाईंनी मान हलवली. "घड्याळजीचं दुकानात उतरतं. सुनेचं माहेरी. पोरगी इथे खेळते, घरी झोपते. आजी म्हणाल्या, तुझ्यापाशी बसलं की डोकं लख्ख होतं." त्या थांबल्या. "मला वाटायचं माझ्यामुळे होतं."

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. काळी होती.

"हीटर," बाई म्हणाल्या. "त्या घरातली हवाच विषारी झालीय." आणि मग अगदी हळू, "खिडक्या मी बंद करायला लावल्या."

मी दुकानाला फोन लावला. वाजत राहिला. शेजारच्या चपलांच्या दुकानात लावला, तर तो म्हणाला, घड्याळजीने कालपासून दुकानच उघडलं नाही, बरं नसेल. बाईंनी बंबवाल्यांना फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, काय झालंय? बाई म्हणाल्या, एका घरात लोक आजारी आहेत. त्याने विचारलं, आग लागलीय का? नाही. गॅसचा वास येतोय का? माहीत नाही. तुम्ही त्या घरात आहात का? नाही. मग तुम्हाला नक्की काय हवंय, बाई? चौकशीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न मांडता येईना. शेवटी त्या किंचाळल्याच, "मला माहीत नाही! पण या! पाय धरते तुमचे, आत्ता या!" मी सभासदाच्या कार्डावरून पत्ता वाचून दाखवला.

घर जवळच होतं, दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. आम्ही पोचलो तेव्हा बंब आला नव्हता. भर दुपार होती. पलीकडे कोणीतरी गालिचा झटकत होतं. खिडकी आतून बंद, आणि काचेच्या कडेने चिकटपट्टी सरळ रेषेत ओढलेली. कोपऱ्यात पट्टी तिरकी कापून जुळवली होती, पुस्तकातल्या चित्रात आहे तशी. घड्याळजीचा हात, काम सुबकच असणार. बाई त्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी दार ठोठावलं. बाईंनी हाका मारल्या, आणि नावं माहीत नसल्यामुळे काय हाक मारावी ते त्यांना कळेना. "आजी!" म्हणाल्या. "अगं मुली!" म्हणाल्या.

मी पायरीवरची कुंडी उचलून दाराच्या काचेवर घातली. हात आत घालून कडी काढली, दार उघडलं.

सून दाराच्या आतच पडली होती. अंगात जाड कोट, पायात बूट, पोटाशी पोरगी बांधलेली. कुठेतरी जायला निघाली होती आणि कडीपर्यंत हात पोचला नव्हता. आम्ही दोघींना ओढून रस्त्यावर आणलं. गार हवा तोंडावर लागल्यावर कितीतरी वेळाने तिने डोळे किलकिले केले. तिला बाई दिसल्या.

"ताई," ती म्हणाली, "वाचनालय उघडलं?"

बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडायला लागल्या. पोरगी माझ्या हातात होती. शहाणं बाळ, आवाज नाही. मी तिला उलटसुलट केलं, पाठ चोळली, तळपाय चोळले, मला काय येत होतं ते सगळं केलं, आणि वेड्यासारखा तिला म्हणत होतो, रड गं, रड गं बये. बंबाची घंटा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ती रडली. एवढा कर्कश आवाज मला आयुष्यात कधी इतका गोड वाटला नव्हता.

घड्याळजीला बंबवाल्यांनी पलंगावरून उचलून आणलं, तो जगला. आजी स्वयंपाकघरात होत्या. हीटरसमोर खुर्चीत बसलेल्या, मोजे घातलेले पाय उबेला पसरलेले. शेजारी दुसरी एक खुर्ची ओढून ठेवलेली होती, रिकामी. त्यांना उचलून आणायची घाई कोणी केली नाही.

वाचनालय ठरल्या दिवशी उघडलं. चौकशीबाई आपल्या टेबलाशी बसतात, पण आता पुस्तक द्यायच्या आधी विचारतात, "घरी कोण कोण असतं? त्यांची तब्येत कशी आहे?" काही वाचकांना राग येतो. साहेबांकडे तक्रारी गेल्या आहेत. बाई ऐकत नाहीत. खांब तोडता येणार नाही म्हणून मी माझं टेबल उचलून त्यांच्या बाजूला आणलंय. साहेब त्यालाही काही बोलले, मी ऐकलं नाही.

थंडी सरत आली तेव्हा घड्याळजी आला. बायको आणि पोरगी अजून माहेरीच आहेत, तोही तिथेच राहतो, असं म्हणाला. निळी पिशवी उघडून त्याने घरदुरुस्तीचं पुस्तक काढलं. कडा त्याने स्वतःच पुसून आणल्या होत्या.

"उशीर झाला, काका."

"राहू द्या," मी म्हणालो.

तो जाईना. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, ज्या खुर्चीत त्याची आई बसायची तिच्या.

"धूर बाहेर जायच्या पाइपात पाखराचं घरटं निघालं," तो बाईंना म्हणाला. "एवढंसं. मूठभर काड्या. कोणालाही विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं, की हीटर तपासून घ्या म्हणून. दिवसभर हाच विचार येतो. आई आयुष्यभर सगळ्यांना सगळं विचारत फिरायची, आणि एवढी एक गोष्ट आम्ही कोणी, कोणालाच विचारली नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्या गप्प राहिल्या असत्या तर चाललं असतं. तो तसाच निघून गेला असता. ती रीतही होती, आणि आजींनी तर बजावलंच होतं, मुलाला सांगू नकोस म्हणून.

बाईंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

"विचारलं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "तिघांनीही मलाच विचारलं होतं."